माहेराहून आलेलं

सिस्टरने एका हातमोज्यावर दुसरा हातमोजा चढवला. एवढंच झालं. मागच्या खेपेला याच खुर्चीत, याच सिस्टरने ज्ञानेश्वरीची बाही आपल्या हाताने वर सारली होती, कोपराच्या खळीत बोटाने शीर चाचपत "मुंगी चावल्यावानी होतंय बघा, भिऊ नका" असं म्हणाली होती. आज बाही तुम्हीच वर घ्या, एवढंच म्हणाली. रबर ताणल्याचा चट्ट आवाज झाला, पांढऱ्या बोटांवर पांढरी बोटं आली, आणि ज्ञानेश्वरीला वाटलं, आपल्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय, हे सगळं त्याच्यासाठी चाललंय. तिने वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र. बाकावर बाकीच्या बाया आपापली पोटं सांभाळत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने सिस्टरच्या हातांकडे पाहिलं, मग ज्ञानेश्वरीकडे, आणि पदर सावरत जराशी पलीकडे सरकली.

आत डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसायला सांगितलं, तिला आणि तिच्या सासूला. पहिलंच बाळंतपण म्हणून सरूबाई प्रत्येक खेपेला बरोबर यायची, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याची बाटली घेऊन. "तुमच्या रक्तात कावीळ ब निघालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिपॅटायटिस बी. मागच्या तपासणीत दिसलं, म्हणून आज परत रक्त घेतलं." "मला कावीळ कधी झालीच नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "अंग पिवळं पडलंच पाहिजे असं नसतं. हा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माणूस चालतं-फिरतं, कामं करतं, त्याला पत्ताही नसतो." मग त्यांनी एकेक बोट मिटत सांगितलं. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली तर, किंवा वस्तरा, ब्लेड, गोंदायची सुई. न तपासलेलं रक्त चढवलं तर. शरीरसंबंधातून. आणि बाळंत होताना आईकडून बाळाला. "एका ताटात जेवून होत नाही. पाण्यातून, खोकल्यातून, जवळ घेतल्याने होत नाही. आणि बाळाला वाचवता येतं, हे आधी ध्यानात ठेवा. जन्मल्याबरोबर लस द्यायची आणि सोबत एक वेगळं इंजेक्शन. फक्त बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे. आणि मिस्टरांना घेऊन या, त्यांचंही रक्त बघू."

डॉक्टरीणबाईंनी चार वाटा सांगितल्या होत्या. रिक्षा मुकुंदवाडी स्टेशनाजवळ येईस्तोवर त्यातली एकच उरली. सरूबाई सगळी वाट बाहेर बघत होती. उतरायच्या आधी ती पिशवी मांडीवर घट्ट धरून, कोणाकडेही न बघता म्हणाली, "हनुमान तसला नाय."

त्या वाक्याचा अर्थ ज्ञानेश्वरीला जिना चढताना लागला. हनुमान, तिचा नवरा, तसला नाही, म्हणजे दुसरं कोणीतरी तसलं आहे. आणि घरात तर तिघंच होती.

सरूबाई काही दुष्ट बाई नव्हती. पाचवा महिना लागल्यापासून सुनेच्या पोटऱ्यांना तेल लावायची ती, नको नको म्हटलं तरी. त्या दिवशी तेलाची वाटी फळीवरून खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीचं ताट वेगळं झालं, मग पेला, मग अंगाचा साबण. कोणी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. दोन खोल्यांच्या घरात नुसत्या रेघा पडत गेल्या. "आत्या, ताटानं नाय होत, मॅडम म्हणाल्या की," ती एकदा म्हणाली. "व्हय, म्हणल्या," सरूबाई म्हणाली, "त्यांना काय जातंय म्हणाया," आणि ताट धुवून पालथं घातलं, बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब. हळूहळू ज्ञानेश्वरीलाच रेघा दिसू लागल्या. विळीचं पातं, नेलकटर, सेफ्टी पिन, काचेच्या बांगडीचा टवका, हनुमानचं दाढीचं ब्लेड. इतकी वर्षं ती या घरात अंग मोकळं टाकून वावरत होती, आता प्रत्येक वस्तूला धार आहे हे कळलं. आपलं अंग म्हणजे काठोकाठ भरलेलं मडकं आहे, त्याला कुठून चीर जाता कामा नये, असं धरून ती चालायची. आणि त्या मडक्याच्या आत, आणखी एका पाण्यात, ते बाळ वळत होतं. ते वळलं की तिला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी भीतीही वाटायची. ते बिचारं तिच्या आत, ती या घरात. बाहेर पडायची वाट दोघांचीही एकच होती, आणि नेमकी त्याच वाटेवर जोखीम होती.

हनुमान बिडकीनच्या एका कंपनीत मशीनवर होता. मुळात कमी बोलणारा. त्याने सुट्टी टाकून रक्त दिलं. त्याच्या रक्तात काही निघालं नाही. त्याला लस सुरू झाली, तीनदा घ्यायची होती, घेतली की तो मोकळा. ज्ञानेश्वरीला हायसं वाटलं. ते तोंडावर दिसलं असावं, कारण त्याने तिच्याकडे नवलाने पाहिलं. संध्याकाळी ती शिलाई मशीनवर बसली असताना तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "मी काही इचारत नाय," तो म्हणाला. खालून मालगाडी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. "पण माझ्यात नाय निघालं. मग आलं कुठून?" ती काय सांगणार? विचारत नाही असं म्हणूनच त्याने विचारलं होतं, म्हणून तिला उत्तरही देता येईना. त्याने ओरडून विचारलं असतं, हात उगारला असता, तर नाही म्हणायला जागा झाली असती. तो नुसता उभा राहिला आणि मग बाहेरच्या खोलीत जाऊन झोपू लागला. उकडतं म्हणून, असं म्हणाला.

तेव्हापासून तिच्या डोक्यात ते शोधणं सुरू झालं. साड्यांना फॉल-पिको करून ती घराला हातभार लावायची. मशीनची सुई वरखाली व्हायची आणि तिच्याबरोबर तिच्या अंगात आजवर गेलेल्या सगळ्या सुया वरखाली व्हायच्या. जत्रेत लिंबाखाली बसलेली गोंदणारी बाई, तिच्यासमोर बायापोरींची रांग, एकच सुई, एकच काळं पाणी, तिच्या मनगटावर तेव्हा गोंदलेली तुळस अजून होती. कान टोचणारा सोनार. सायकलवरून माहेरच्या वाडीत येणारा, टोपी घातलेला तो डॉक्टर, जो ताप असो की खोकला, इंजेक्शनच द्यायचा आणि सुई नुसती पुसून परत डबीत ठेवायचा. मेंढरांमागे अनवाणी हिंडणाऱ्या सगळ्यांच्या तळव्यांतून बाभळीचे काटे काढणारी एकच टाचणी, बापाच्या पटक्यात खोचलेली. एकेकाला ती समोर उभं करायची, तूच का म्हणून विचारायची. गोंदणारीचं तोंड तिला आठवत नव्हतं, म्हणून तिच्यावर आळ घ्यायला सोपं होतं. ती बाई अपराधी ठरली असती तर बरं झालं असतं, मनगट पुढे करून दाखवता आलं असतं, बघा, हे असं आलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नक्की कुठून आलं हे बहुतेकांना कधीच कळत नाही. कधीच, हा शब्द तिला एखाद्या खोलीसारखा वाटायचा, आत घालून बाहेरून कडी लावल्यासारखा.

एका दुपारी मशीनची सुई तिच्या बोटात गेली, नखातून आरपार. दुखण्याआधी तिने खाली पाहिलं. पिस्ता रंगाच्या साडीच्या काठावर एक लाल ठिपका पसरत होता. साडी खालच्या मजल्यावरच्या तनुजाताईंची, लग्नाला नेसायची. ज्ञानेश्वरी बोट मुठीत धरून किती वेळ बसून राहिली कोण जाणे. तिला आरडाओरडा करून सगळ्यांना दूर पळायला सांगावंसं वाटलं, आणि घरात तर कोणी नव्हतं. मग उठून बोटाला चिंधी बांधली, साडी बादलीत बुडवली, फरशी पुसली, मशीन पुसलं, परत परत पुसलं, आणि तनुजाताईंना मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. नंतर दवाखान्यात तिने ते भीत भीत विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. वाळलेल्या रक्तातही तो विषाणू आठवडाभर तग धरू शकतो, हे खरं. जखम झाकायची, सांडलेलं रक्त ब्लीचच्या पाण्याने पुसायचं, बस. "काम कशाला बंद करता? तुम्ही काही बाँब नाही." त्या हसल्या. ज्ञानेश्वरीही हसली. मशीन मात्र तिने झाकूनच ठेवलं.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "माहेरी कोणाला लिव्हरचा आजार होता का?" "नाही," ती म्हणाली. विचारायच्या आधीच ठरलेलं असावं, तसं पटकन म्हणाली. बाहेर येऊन जालना रोडच्या कडेला ती रिक्षाची वाट बघत उभी राहिली आणि उन्हात तिला मल्हारी दिसला. तिचा थोरला भाऊ, खाटेवर उठून बसलेला, हात काठीसारखे आणि पोट सातव्या महिन्यातल्या बाईसारखं. तिने आपल्या पोटावरचा हात काढून घेतला.

दादाच्या पोटात पाणी झालं होतं. सोयगावच्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला होता, "किती पितोस?" दादा हसला होता. पीत नाही म्हणाला. सिल्लोडच्या डॉक्टरने तेच विचारलं, तेव्हा तो कमी हसला. मग वाडीतले लोक विचारू लागले, विचारायचेही थांबले, ठरवूनच टाकलं. मेंढरांमागे रानात असतो, तिथं कोण बघतंय. दादाचं ठरलेलं लग्न मोडलं. रिकाम्या बाटल्या कुठे सापडतात का म्हणून तिची माय, बानाबाई, मेंढरांच्या वाड्याच्या कुडात, कडब्याच्या गंजीत हात घालून बघायची, हे ज्ञानेश्वरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी मायने त्याला देवापुढे भंडारा उचलायला लावला. त्याने उचलला. कपाळाला लावून म्हणाला, "माय, नाय पीत." दुसऱ्या दिवशी मायचा हात परत गंजीत होता. तो गेला तेव्हा तिशीत होता. मातीला आलेली माणसं परत जाताना म्हणत होती, दारू लई वाईट.

पुढच्या खेपेला तिने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावरून तिला कळत गेलं. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेकांचं शरीर ती झटकून टाकतं. जन्मतानाच झाली तर मात्र बहुतेक वेळा ती जन्मभर राहते, आणि काहींचं लिव्हर तरुणपणीच खलास होतं, दारूचा थेंब न पिता. "भाऊ आणि तुम्ही, दोघंही. म्हणजे बहुधा आईकडून. आईला घेऊन या. आता औषधं आहेत. त्यांना कळणं त्यांच्यासाठी गरजेचं आहे." ज्ञानेश्वरीच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त होतं म्हणून तिला रोज एक गोळी सुरू झाली, बाळाला धोका कमी व्हावा म्हणून. गोळी गिळताना ती रोज एकच गोष्ट मनात घोळवायची. हवं होतं ते सापडलं होतं. आता ती हनुमानला सांगू शकत होती, सरूबाईपुढे मान वर करू शकत होती. मेलेला भाऊ निर्दोष होता, हे वाडीत जाऊन ओरडून सांगता आलं असतं. या सगळ्यासाठी फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य मायच्या कानावर गेलं की त्याचा अर्थ एवढाच होणार होता: तुझ्यामुळं मल्हारी मेला. सांगितलं तर हे. न सांगितलं तर मायचंही लिव्हर आतल्या आत सुकत जाणार, आणि एक दिवस तीही खाटेवर उठून बसणार, काठीसारख्या हातांची. दोन्हीकडे मायच होती. ती दिवस ढकलत राहिली. फोनवर माय विचारायची, "काय खाऊ वाटतंय गं?" मग आपलं सांगायची, मेंढरं कमी केली, चालवत नाय, दम लागतोय, सांजच्याला पाय सुजत्यात. ज्ञानेश्वरी फोन कानाला लावून भिंतीकडे बघायची. "वय झालंय की माय," असं म्हणायची, आणि जीभ चावायची.

आठव्या महिन्यात माय स्वतःच आली. सिडको स्टँडला उतरून, बाजरीचं पीठ आणि गावरान तुपाची बरणी घेऊन. सरूबाईने पाणी दिलं आणि पेला परत घेता घेता म्हणाली, "तुमच्या पोरीनं रगतात काय आणलंय, सांगितलं का तिनं?" माय पिठाची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. लेकीकडे बघत राहिली. कडब्याच्या गंजीत हात घालतानाची नजर होती ती. ज्ञानेश्वरीला ती ओळखू आली, आणि तिथल्या तिथे काहीतरी ठरलं. दुसऱ्या दिवशी ती मायला दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत म्हणाली, बाळासाठी सगळ्यांचंच बघतात. सुई टोचताना मायने तोंड फिरवलं नाही, रक्त नळीत चढताना बघत राहिली.

निकाल डॉक्टरीणबाईंनी सांगितला. हळू, सोप्या शब्दांत, मायच्या गुडघ्यावर हात ठेवून. तुम्हालाही आहे, कदाचित लहानपणापासून, तुमच्या आईकडून किंवा एखाद्या सुईतून, आता कोण सांगणार. लिव्हरला थोडी इजा झालीय, पण गोळ्यांनी थांबवता येईल. यात तुमचा दोष काही नाही. माय ऐकत होती. ज्ञानेश्वरी मायच्या हातांकडे बघत होती, भेगा पडलेले, लोकर कातरून कातरून घट्टे पडलेले. आता ती विचारेल, आता तिला समजेल. "मंजी मल्हारी पीत नव्हता," माय म्हणाली.

"नाय, माय."

"खरं बोलला त्यो."

"व्हय."

मायने पदराचा बोळा तोंडाशी धरला. रडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने लेकीचा दंड धरला, इतका घट्ट की बोटं रुतली, आणि अर्ध्या पायऱ्यांवर थांबून विचारलं, "माझ्याच पोटातनं गेलं ना त्याला?" ज्ञानेश्वरीकडे उत्तर तयार होतं, कित्येक दिवस घोटलेलं. कोणाच्या हातात नसतं, तुला तरी कुठं ठाऊक होतं, असं काहीतरी. तिने नुसता मायचा हात धरला. माय उतरू लागली.

मायने गावाकडे जायचं नाव काढलं नाही. गोळ्या वेळेवर घेऊ लागली. पण बोलणं तुटलं. लेकीने जवळ बसायला बोलावलं की काहीतरी काम काढून उठायची. घरात आता वेगळी ताटं दोन झाली, दुसरं मायने आपल्या हाताने वेगळं केलं होतं. सरूबाईने त्याचं कारण विचारलं नाही. विधवा बाईचं सोवळं असेल, असं तिला वाटलं असावं. ज्ञानेश्वरीने हनुमानलाही काही सांगितलं नाही. आता तर सांगणं अधिकच अवघड झालं होतं. मायला कळलं होतं, पण चारचौघांत ते तिच्यावर टाकायचं, हे ज्ञानेश्वरीच्याने होईना. त्यापेक्षा संशय बरा. संशयाची आता सवय झाली होती.

बाळंतपण भर दुपारी झालं. मुलगा. नाळ कापली, पुसला, आणि सिस्टरने त्याच्या दोन्ही मांड्यांना दोन इंजेक्शनं दिली, एक लस आणि एक ते दुसरं. तो इतका जोरात रडला की ज्ञानेश्वरीला हसू आलं. वेणा, टाके, घाम, सगळं विसरून तिला वाटलं, हा आपल्यातून बाहेर पडला. हा तरी सुटला. वॉर्डात आणल्यावर हनुमान आला, त्याने बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिच्या उशाशी उभा राहिला. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात सरूबाई आली, बरोबर बिडकीनचे दोन पाहुणे. माय दाराशी जमिनीवर बसली होती. बाळाला तिने अजून हात लावला नव्हता.

बाळ ओठ हलवू लागलं. ज्ञानेश्वरीने त्याला छातीशी घेतलं. सरूबाईने पिशवीतून दुधाची बाटली काढली. "ह्यातून पाज. तुझं नको."

"मॅडम म्हणाल्या, पाजता येतं. सुई दिलीय त्याला."

"मॅडमचं लेकरू हाय का हे? आमच्या घरात आजवर असलं काही आलं नव्हतं. कुठनं आणलंस ते तुझं तुला ठावं, पण लेकराला..."

सरूबाईचा आवाज चढला होता. शेजारच्या खाटांवरच्या बाया बघू लागल्या. पाहुणे खाली बघत होते. हनुमान "आई, गप" म्हणाला, पण त्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. आणि माय उठली. भिंतीला हात लावून, एक गुडघा, मग दुसरा. खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"माझ्याकडनं गेलंय ते तिला," ती म्हणाली. "माझ्या पोटातनं. माझा ल्योक त्यानंच गेला, अन् मी त्याला दारुडा समजले. पोरीकडं बोट दावायचं नाय, सरूबाई. दावायचं तर हिकडं दावा."

वर पंखा फिरत होता. हनुमानने मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते बघायची ज्ञानेश्वरीने किती महिने वाट पाहिली होती. आता तिला ते बघवेना. जे झाकायला ती इतके दिवस स्वतः उघडी पडली होती, ते मायने अनोळखी माणसांसमोर एका दमात काढून ठेवलं होतं. मोकळं वाटायला हवं होतं. पण जिथे इतके दिवस ती उभी होती, तिथे आता माय जाऊन उभी राहिली होती, एवढाच फरक पडला होता. सरूबाईने बाटली हळूच पिशवीत ठेवली. "बसा," ती स्टूल पुढे सारत म्हणाली. माय बसली नाही. ती बाळाकडे बघत होती, हात पाठीमागे बांधून.

"माय," ज्ञानेश्वरी म्हणाली, "हात लावल्यानं काय होत नाय. घे की."

"पिऊ दे आधी त्याला," माय म्हणाली.

त्याने तोंड लावलं. पहिल्या ओढीला तिच्या पाठीतून कळ गेली आणि तिने डोळे मिटले. पुढच्या लसी राहिल्या होत्या. त्याच्या रक्तात काय आहे, हे तो धरून धरून उभा राहू लागेल तेव्हा तपासणार होते, तोवर कोणालाच कळणार नव्हतं. तिलाही नाही. तोवर त्याला भूक लागत राहणार होती.